ॲनेट हॅनशॉच्या तीन तबकड्या: घरच्या घरी डिजिटाइझ करतानाच्या नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

आजपासून नोंदी ठेवतेय. लाखेच्या जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी घरी कॉम्प्युटरवर घ्यायच्या असतील तर मराठीत नीट लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून माझं जे होईल ते चुकांसकट इथे लिहिणार.

ही गायिका मला कशी सापडली ते आधी सांगते. निना पेली यांची २००८ ची ॲनिमेशन फिल्म आहे, 'सीता सिंग्ज द ब्लूज'. रामायणातली सीतेची गोष्ट, आणि सीता गायला लागली की आवाज येतो १९२० च्या दशकातल्या एका अमेरिकन बाईचा. फिल्म संपली तरी माझ्या डोक्यातून तो आवाज जाईना. ॲनेट हॅनशॉ. जन्म न्यूयॉर्क, १८ ऑक्टोबर १९०१ (कित्येक वर्षं १९१० छापलं जायचं, ते चूक). १९२६ ला पाथे कंपनीसाठी पहिली रेकॉर्ड, १९३४ ला शेवटची, नंतर थोडे दिवस रेडिओ आणि मग गाणंच सोडून घरी बसली, १९८५ ला न्यूयॉर्कमधेच गेली. स्वतःच्या रेकॉर्डी तिला आवडायच्या नाहीत म्हणे, आणि मी मात्र रात्री दोन वाजता कानाला हेडफोन लावून त्याच ऐकत बसलेली असते.

तिच्या आवाजात आव आणलेला नसतो. त्या काळच्या बऱ्याच जणी लांबच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून गायच्या, ही बाजूच्या खुर्चीत बसून सांगितल्यासारखी गाते. आणि गाणं संपलं, बँड थांबला की हसत दोन शब्द बोलते, 'दॅट्स ऑल'. म्हणजे झालं, संपलं, एवढंच. पहिल्यांदा ते सहज तोंडातून निघून गेलं आणि मग तीच तिची ओळख झाली. बाबांना ऐकवलं तर ते लगेच म्हणाले, "अगं गौहर जान नाही का, शेवटी 'माय नेम इज गौहर जान' म्हणायची." खरंच की. १९०२ ला कलकत्त्यात गौहर जाननी ते म्हटलं ते परदेशात तबकड्या छापणाऱ्यांना नाव कळावं म्हणून. हिच्या 'दॅट्स ऑल'चं तसं काही कारण नाही, म्हणूनच मला ते जास्त गोड वाटतं.

नेटवर तिची गाणी मिळतात, पण बऱ्याच फाइलींत खरखर घालवायच्या नादात आवाजच प्लास्टिकचा करून टाकलाय. मला मूळ तबकडीवरून स्वतः घ्यायचंय.

२३ जून

तीन रेकॉर्डी ठरवल्या, तिन्ही अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडून. १) 'ब्लॅक बॉटम' आणि मागे 'सिक्स फीट ऑफ पापा', म्हणजे तिची १९२६ ची पहिली, पाथेच्याच स्वस्त 'पर्फेक्ट' लेबलवर. २) १९२९ ची 'डॅडी, वोन्ट यू प्लीज कम होम' असलेली. ३) एक 'व्हेल्व्हेट टोन' लेबलची, जिच्यावर गायिका म्हणून नाव आहे 'गे एलिस'.

ही गे एलिस म्हणजे ॲनेटच. तेव्हाच्या कंपन्या एकाच माणसाच्या रेकॉर्डी वेगवेगळ्या नावांनी स्वस्त लेबलांवर काढायच्या. हेलन केन या तेव्हाच्या गायिकेसारखं लाडं लाडं बोबडं गायला लावलं की लेबलवर 'डॉट डेअर' नाहीतर 'पॅट्सी यंग', आणि साधं गाणं असलं की 'गे एलिस'. त्यामुळे शोधताना फक्त ॲनेट हॅनशॉ टाकून थांबू नका, ही नावंपण टाका, बऱ्याचदा याच नावाच्या रेकॉर्डी स्वस्त पडतात कारण विकणाऱ्यालाच माहीत नसतं.

तिन्ही मिळून ५४ डॉलर आणि तिकडच्या तिकडे पोस्टाचे १६. सगळं न्यू जर्सीला दादाकडे (मावसभाऊ) मागवलं, तो जुलैत येतोय. थेट पुण्याला मागवायची हिंमत झाली नाही.

१३ जुलै, शनिवार

दादा आला. गे एलिस फुटली.

लेबलच्या मधोमध तडा जाऊन तीन मोठे तुकडे आणि कडेचा एक छोटा. विक्रेत्याने तिन्ही नीट पाठवल्या होत्या, दादाने बॅग जड होते म्हणून खोके काढून टाकले आणि रेकॉर्डी स्वेटरमधे गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवल्या. त्याला मी काही बोलले नाही कारण चूक माझी आहे, मी त्याला सांगितलंच नव्हतं. आपल्याला वाटतं मऊ कपड्यात ठेवलं म्हणजे सुरक्षित. लाखेच्या तबकडीला मऊपणा नाही, टणक सपाट आधार लागतो. ती वाकतच नाही, थेट काचेसारखी तुटते. तर जे कोणी मागवणार असेल त्यांनी हे करा: प्रत्येक रेकॉर्ड कागदी पाकिटात, दोन्ही बाजूंना तबकडीपेक्षा मोठे पुठ्ठे, सगळं घट्ट चिकटपट्टीने बांधून एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात आणि मधे कागदाचे बोळे. आणि विमानात हातातल्या बॅगेत.

तुकडे फेकले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेत. लेबलवरचं 'गे' एका तुकड्यावर आणि 'एलिस' दुसऱ्यावर.

१४ जुलै, रविवार

आजची चूक सगळ्यात वाईट आहे आणि ती लिहिताना मला अजून कसंतरी होतंय.

उरलेल्या दोन्हीवर धूळ आणि खाचांमधे पांढरट बुरशी होती. एलपी (नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या रेकॉर्डी) पुसायचं लिक्विड माझ्याकडे होतंच. ॲनेटच्या तबकडीवर एकदम नको म्हणून आधी बाबांच्या कपाटातली एक जुनी मराठी भावगीताची रेकॉर्ड घेतली, दोन थेंब टाकले आणि कापडाने गोल फिरवलं. कापड काळं झालं. मला वाटलं वा, केवढी घाण निघतेय, म्हणून अजून दोन थेंब. मग लक्षात आलं की कापडावर येतंय ती घाण नाही, तबकडीच येतेय. जिथे पुसलं तिथली चकाकी गेली आणि हाताच्या पंजाएवढा मातकट डाग पडला. लिक्विडमधे अल्कोहोल होतं.

आणि हे मला कळायला हवं होतं. ७८ ची रेकॉर्ड म्हणजे लाख आणि दगडाची भुकटी. लाख स्पिरिटमधे विरघळते, आपल्याकडचा कुठलाही जुना सुतार चपडा लाख स्पिरिटमधे भिजत घालून लाकडाचं पॉलिश करतो, आमच्या वाड्याच्या दारांना लहानपणी तेच लावलेलं मी बघितलंय, वास अजून आठवतो. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचा लाखेचा किडा, त्याची लाख इथून बोटीने अमेरिकेत जायची आणि तिथे तिच्या तबकड्या व्हायच्या. ॲनेटच्या तबकडीतली लाखही आपल्याच जंगलातून गेली असणं सहज शक्य आहे, आणि मी तिच्यावर स्पिरिट ओतायला निघाले होते.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ ती उजेडात तिरकी धरून बघत राहिले. "एक बाजू आहे अजून," एवढंच म्हणाले.

१६ जुलै

बरोबर पद्धत. डिस्टिल्ड पाणी (बॅटरीचं मिळतं ते चालतं), त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, एकच. दाढीचा मऊ ब्रश. लेबलवर प्लास्टिकचं गोल झाकण दाबून धरायचं म्हणजे कागद भिजत नाही. खाचांच्या दिशेने गोल ब्रश, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा, आणि लगेच धुतलेल्या सुती पंचाने टिपून घ्यायचं. भिजत ठेवायचं नाही. कडेला तडा असेल तर तिथे पाणी जाऊ द्यायचं नाही.

पुण्यात जुलैत काहीच वाळत नाही, म्हणून ताटाळ्यात उभ्या ठेवल्या आणि पंखा लावला, रात्रभर. हेअर ड्रायर लावायचा विचारही करू नका, लाख गरम झाली की तबकडी पापडासारखी वाकते.

बुरशी गेली. १९२६ वालीचा काळा रंग असा वर आला की खिडकीचे गज तिच्यात दिसत होते.

२० जुलै

पहिलं रेकॉर्डिंग. माझा टर्नटेबल साधा यूएसबीवाला आहे, ३३ आणि ४५ चा. सुई एलपीची. उत्साहाच्या भरात तशीच ठेवली आणि नुसता पाऊस ऐकू आला, पत्र्यावर पडतो तसा, आणि त्याच्या मागे कुठेतरी बाई गातेय.

कारण साधं आहे. ७८ ची खाच एलपीपेक्षा खूप रुंद असते. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ला ३ मिलच्या आसपास लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथल्या शंभर वर्षांच्या कचऱ्यात घासत जाते, भिंतींना धड टेकतच नाही, आणि गाणं तर भिंतींवर कोरलेलं असतं. सुईसुद्धा खराब होते ते वेगळंच. ३ मिलची सुई मागवली, ३,२०० रुपये, माझ्या कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) पुढून ओढून बदलता येते. यायला चार दिवस.

मधल्या काळात बाबा म्हणाले चावीच्या ग्रामोफोनवर लावून बघू. नको म्हटलं. त्या साउंडबॉक्सचं वजन आणि स्टीलची पिन एकेका फेरीत खाच खरवडते. बाबांच्या घरात पूर्वी नियम होता, एक पिन एक बाजू, मग टाकून द्यायची, कारण बाजू संपेपर्यंत पिन बोथट होते. तेव्हा ते कानावरून गेलं, पण पुढे याच गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला, म्हणून लक्षात ठेवा.

२५ जुलै

नवी सुई आली. तीच तबकडी, तेच मशीन, आणि पाऊस एकदम मागे गेला. 'सिक्स फीट ऑफ पापा' सुरू झालं आणि ती खोलीत आली. एवढंच लिहिते, कारण मी सगळं सोडून पाचदा तेच ऐकलं आणि काम काही केलं नाही.

२७ आणि २८ जुलै

दोन दिवस फुकट गेले, पण सगळ्यात जास्त याच दोन दिवसांत शिकले.

टर्नटेबलला ७८ नाही म्हणून ४५ वर वाजवायचं आणि ऑडासिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममधे वेग वाढवायचा. ७८.२६ भागिले ४५, म्हणजे १.७३९ पट. याचा फायदापण आहे, हळू फिरल्यामुळे वाकड्या तबकडीवर सुई उडत नाही. पण माझ्या टर्नटेबलच्या पोटातच प्रीॲम्प (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) आहे आणि तो आरआयएए कर्व्ह लावतो, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात बास (खालचे सूर) वाढवतो आणि वरचे सूर कमी करतो, जो एलपीसाठी १९५४ च्या सुमारास ठरला. १९२६ च्या रेकॉर्डला त्याचं काय. तो बाहेर काढता येत नाही म्हणून उलटा कर्व्ह लावून पुसायचा.

मी आधी वेग वाढवला आणि मग उलटा कर्व्ह लावला. आवाज विचित्र, नाकातून आल्यासारखा, आणि का ते मला शनिवारी रात्रीपर्यंत कळलं नाही. मग ट्यूब पेटली. कर्व्ह लागला तेव्हा गाणं ४५ च्या वेगाने चाललं होतं, म्हणजे तो पुसायचापण ४५ लाच, वेग वाढवायच्या आधी. एकदा वेग वाढवला की सगळ्या फ्रिक्वेन्सी वर सरकतात आणि उलटा कर्व्ह भलत्याच जागी बसतो. क्रम लिहून भिंतीवर लावलाय: रेकॉर्ड ४५ वर, उलटा आरआयएए, मग वेग, मग बाकीचं.

दुसरी चूक रविवारची. कुठेतरी वाचलं की ७८ ना बास वाढवावा लागतो, म्हणून दोन्हींना वाढवला. १९२९ च्या रेकॉर्डला छान लागला, दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचा पियानो भरून आला. १९२६ च्या रेकॉर्डवर फक्त गडगडाट वाढला, रेल्वे पुलावरून जाते तसा. कारण १९२५ पासून माइक आणि इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आलं खरं, पण सगळ्या कंपन्या लगेच वळल्या नाहीत, पहिल्या तबकडीवर ती अजून भोंग्यासमोर उभी राहून गातेय. भोंग्याने जो बास घेतलाच नाही तो मी कितीही वाढवून कुठून येणार. तिचा कर्व्ह आता सपाट ठेवलाय.

३ ऑगस्ट

वेगाचा प्रश्न. ७८ म्हटलं तरी त्या काळी कोणी ७६ वर कापायचं, कोणी ८० वर. वेग चुकला की सूर चुकतो आणि सूर चुकला की माणूस बदलतो.

१९२६ ची ७८.२६ वर ऐकली तर बँड कुठल्याच पट्टीत बसेना, काळी आणि पांढरीच्या मधे लोंबकळत होता. बाबा पेटी घेऊन बसले. त्यांचा कान तयार आहे, मी थोडा थोडा वेग वाढवत गेले आणि त्यांनी एका ठिकाणी मान हलवली, "आता लागला." ८१.४ निघाला. मी खूश, दोन्ही बाजू तशाच काढल्या.

रात्री हेडफोनवर ऐकताना वाटलं की ही ती नाही. बारीक, पोरकट, श्वास घाईघाईत. चोवीस-पंचवीस वर्षांची बाई असायला हवी, ही पंधराची वाटत होती. सकाळी फोनवरचा ट्यूनर पेटीला लावला, पांढरी सहा ४४० ला हवी ती ४४८ दाखवतेय. पेटीच चढी होती. तिकडचे बँड ४४० धरून चालायचे. बाबांचा कान बरोबर, त्यांनी पेटीशी तंतोतंत जुळवलं होतं, आमची पेटी वर्षानुवर्षं ट्यून केलेली नाही. ट्यूनरवर पियानोच्या लांब सुरांशी जुळवून वेग ८० आला. आणि आवाज खाली उतरला, छातीत गेला, परत ती झाली.

बाबांना वाईट वाटलं, म्हणून मुद्दाम लिहिते: आधी पेटी मोजा, मग पेटीवर मोजा.

४ ऑगस्ट

१९२९ वालीत सूर डोलतोय. लांब सूर ऐकले की झोपाळ्यासारखे वर खाली, प्रत्येक फेरीला एकदा. भोक मध्यावर नाही. बघायची सोपी युक्ती: तबकडी फिरताना टोनआर्म (सुई धरणारा हात) डावीउजवीकडे हलतोय का बघा.

भोक मोठं करायला कानस घेऊ नका, मी हातात घेतली होती आणि परत ठेवली. त्यापेक्षा खाली टाकाऊ एलपी ठेवत गेले, इतक्या की मधली दांडी वर पोचतच नाही, तबकडी त्यांच्यावर मोकळी बसते आणि बोटाने केसभर सरकवता येते. कडेला पेन्सिल स्थिर धरून फिरवायचं, टोनआर्म हलायचा थांबला की जागा सापडली. मला चाळीस मिनिटं लागली. घसरू नये म्हणून मधे रबरी चटईचा तुकडा.

१० ऑगस्ट

आज शिकलेली एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. टर्नटेबल स्टिरिओ असल्यामुळे रेकॉर्डिंगमधे डावा आणि उजवा असे दोन ट्रॅक येतात, आणि ७८ मोनो असल्यामुळे मी ते डोळे मिटून एकत्र करत होते. पण डावा ट्रॅक म्हणजे खाचेची एक भिंत आणि उजवा म्हणजे दुसरी. जुन्या मशीनवर सुई एका भिंतीला जास्त घासायची, त्यामुळे दोन्ही भिंती सारख्या झिजलेल्या नसतात. वेगवेगळ्या ऐकल्या तर १९२९ च्या रेकॉर्डची एक भिंत फाटक्या स्पीकरसारखी आणि दुसरी जवळपास स्वच्छ! एकत्र करून मी चांगलीत वाईट मिसळत होते. आता फक्त चांगली भिंत घेतली. १९२६ ला मात्र एकत्रच बरं लागतं. दर वेळी डावी, उजवी आणि एकत्र असं तिन्ही ऐकून ठरवा.

१५ ते १८ ऑगस्ट

सुट्टी जोडून घेतली, टकटक काढायला. आपोआप काढायची सोय आहे पण ती ट्रंपेटच्या फुंकरीलासुद्धा टकटक समजते आणि कापते, हे ऐकून कळतं. (तिच्या रेकॉर्डांवर साथीला रेड निकोल्स, मिफ मोल, जो व्हेनुटी, एडी लँग अशी माणसं आहेत, त्यांच्या फुंकरी आणि छेड कापायचा मला काय अधिकार.) म्हणून मोठ्या टकटकी हाताने. ऑडासिटीतलं 'रिपेअर' एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतं, म्हणजे झूम करून, टकटकीचा काटा शोधून, तेवढाच निवडून, एक एक. तीन मिनिटांच्या एका बाजूला चारशेवर झाल्या. चार दिवसांत मिळून साधारण एकवीस तास, दोन तबकड्यांच्या तीन बाजू. पाठ आणि डोळे दोन्ही गेले. पण त्या निमित्ताने तिचं गाणं मी सेकंदाच्या शंभराव्या भागात बघितलं, कुठे श्वास घेते, कुठे शब्द मुद्दाम उशिरा टाकते. 'डॅडी' मधे ओळ संपताना आवाज सोडून देते आणि त्या जागी नुसती हवा येते. लाटांच्या चित्रात ती हवा दिसते, बारीक दाण्यांसारखी.

२४ ऑगस्ट

खरखर कमी करायचं काम, आणि इथे मी तेच केलं जे दुसऱ्यांनी केलं म्हणून मला राग आला होता.

'डॅडी'च्या सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतली खरखर नमुना म्हणून दिली आणि २४ डेसिबल कमी केली. सुरुवात ऐकली, झकास, काचेसारखं स्वच्छ. सेव्ह केलं, दादाला पाठवलं. त्याचा अर्ध्या तासात मेसेज, "शेवटी ती काहीतरी बोलते ना, ते कुठे गेलं?"

शेवट ऐकला. गाणं संपतं, बँड थांबतो, आणि जिथे 'दॅट्स ऑल' हवं तिथे पाण्याखालून बुडबुडे आल्यासारखं काहीतरी.

का ते समजायला वेळ लागला. एक, ती ते हळू बोलते, मागे बँड नाही, म्हणजे आवाजाची पातळी खरखरीच्या जवळपास. दोन, 'दॅट्स' मधला 'त्स' हा स्वतःच एक खरखर आहे, मशीनला तबकडीच्या 'स्स' मधे आणि तिच्या 'स' मधे फरक कळत नाही. आणि तीन, ते दोन शब्द तबकडीच्या सगळ्यात आतल्या खाचांत आहेत. आत फेरी लहान, त्यामुळे खाचेचा वेग कमी आणि आवाज तेवढ्याच वेळात कमी जागेत कोंबलेला, आणि वर बाबांचा नियम: स्टीलची पिन तिथे पोचेपर्यंत बोथट झालेली असते. ज्या घरात पिन बदलायला आळस केला त्या घरातल्या तबकडीचा शेवटच आधी मरतो. म्हणजे तिची सही नेमकी त्या जागी आहे जिथे तबकडी सगळ्यात जास्त झिजलेली आहे.

२४ वाली फाइल पुसून टाकली.

२५ ऑगस्ट ते १ सप्टेंबर

रोज ऑफिसनंतर दोन तास. काय केलं ते क्रमाने सांगते.

आधी फक्त शेवटची वीस सेकंद परत रेकॉर्ड केली, पाच वेळा, सुईचं वजन पाव-पाव ग्रॅम बदलून. ४ ग्रॅमला सगळ्यात कमी फाटलं. दोन्ही भिंती परत ऐकल्या, आणि गंमत म्हणजे सगळ्या गाण्यात जी भिंत वाईट होती तीच या शेवटच्या जागी चांगली निघाली, म्हणून शेवटचे दोन शब्द मी दुसऱ्या भिंतीवरून घेतले आणि बँड थांबतो त्या फटीत जोड दिला. जोड कुठे आहे ते मला माहीत असूनही ऐकू येत नाही.

मग खरखर. १२, ९, ६, ५ असं खाली येत गेले. ६ ला 'स' परत आला पण थोडा बोबडा. ५ ला नीट. म्हणजे एवढ्या महिन्याभराच्या खटपटीनंतर खरखर मी फक्त ५ डेसिबल कमी केली, आणि 'दॅट्स ऑल' च्या जागी तर अजिबात नाही, तिथे पूर्ण खरखर ठेवलीय. ऐकताना शेवटी पाऊस जरा वाढतो आणि त्यात ती बोलते. मला ते चालतं. बाबांना ऐकवलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हसतेय ती बोलताना." दात दिसतील इतकं हसू आहे त्यात, आणि ते सगळं त्या 'स' मधे आहे, मशीन जो कचरा समजून काढत होतं त्याच्यात.

२ सप्टेंबर, हिशेब

रेकॉर्डी आणि तिकडचं पोस्ट ७० डॉलर, साधारण ५,८०० रुपये. सुई ३,२००. डिस्टिल्ड पाणी, ब्रश, पाकिटं, रबर मिळून ४५०. टर्नटेबल आधीचाच. वेळ मोजला तर साठ तासांच्या वर, त्यातले निदान वीस चुकांचे. गे एलिस नीट आली असती तर सुईचा खर्च तीन तबकड्यांवर वाटला गेला असता.

फाइली: प्रत्येक बाजूच्या दोन. एक कच्ची, ४५ वरची, काहीही न केलेली, ती कधीच पुसायची नाही, उद्या कुणाला माझ्यापेक्षा चांगलं जमलं तर तिथून सुरू करता येईल. दुसरी साफ केलेली. एक कॉपी इथे, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दादाकडे. केलेला प्रत्येक बदल, वेग, कुठली भिंत, किती डेसिबल, हे फाइलीसोबत साध्या टेक्स्टमधे.

कुणी फाइली मागितल्या तर: आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षांचा. अमेरिकेत या काळच्या रेकॉर्डिंगला १०० वर्षं धरतात, म्हणजे १९२६ ची तिकडे १ जानेवारी २०२७ ला मोकळी होईल आणि १९२९ ची २०३० ला. तोपर्यंत मी सगळीकडे टाकणार नाही, घरी येऊन ऐका, चहा मिळेल.

राहिलेलं: 'डॅडी' च्या मागची बाजू अजून हातात घेतलेली नाही. दुसरी गे एलिस शोधतेय, दादाला पॅकिंगची चित्रं काढून पाठवलीत. आणि बाबांच्या भावगीताची चांगली बाजू परवा धुतली, ताटाळ्यात वाळतेय. पेटी ट्यूनिंगला दिलीय, शनिवारी मिळेल, ती आली की वेग लावायला बाबा बसणार आहेत.